फॉरवर्डच्या पुढे

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. विदेश संचार निगमने सुरुवातीला मोजक्या महानगरांत ही सेवा दिली. त्यानंतर बरोबर 26 वर्षांनी, 15 ऑगस्ट 2021 पासून, महाराष्ट्रात राज्यभर ई-पीक पाहणी लागू झाली. गाव नमुना बारावरचा पीकपेरा पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या लेखणीतून उतरत आला होता. तो आता शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून भरायचा, असे ठरले. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’ ही त्या मोहिमेची घोषणा होती.

या दोन तारखांच्या दरम्यान इंटरनेटचा स्वभाव बदलला. आधी थोडे लोक लिहीत आणि बाकीचे वाचत. मग वाचणाराही लिहू लागला. पुढे ज्याला लिहिणे जड जात होते तो बोलू आणि दाखवू लागला, आणि शेवटी सरकारी दप्तरातली एक नोंदही सामान्य माणसाच्या बोटाखाली आली. हा बदल सिलिकॉन व्हॅलीतून सांगितला जातो तसा सरळ रेषेत घडलेला नाही. जालना जिल्ह्यातल्या, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरच्या परतूरसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले तर त्यातल्या अडचणी, उड्या आणि राहून गेलेल्या गोष्टी जास्त स्पष्ट दिसतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: मिळालेले पुढे वाटण्याचा अधिकार आपल्यापर्यंत पुरता पोचला, स्वतः घडवण्याचा आणि घडवलेले जपण्याचा अधिकार मात्र अर्धाच पोचला.

मूळ कल्पनाच लिहिण्या-वाचण्याची

टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एकमेकांच्या कामात भर घालणारे शास्त्रज्ञ होते. त्यांनी स्वतः तयार केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचताही येई आणि त्याच खिडकीत बदलताही येई. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे तंत्रज्ञान जगाला विनामूल्य खुले केले. त्या एका निर्णयामुळे वेब कुणा एका कंपनीच्या मालकीचे झाले नाही. परंतु पुढे जे ब्राउझर घरोघरी पोचले त्यांत पाने पाहण्याची सोय होती, लिहिण्याची नव्हती. लिहायचे तर सर्व्हर हवा, एचटीएमएल यायला हवे, पैसा हवा. त्यामुळे पहिली दहा वर्षे वेब बहुतांशी एकमार्गी राहिले.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय कुणा एकाचे नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये कुणालाही संपादता येईल असे पहिले ‘विकी’ सुरू केले. 1999 मध्ये ‘ब्लॉगर’ आले आणि तांत्रिक ज्ञानाशिवाय स्वतःचे लेखन प्रसिद्ध करता येऊ लागले. 15 जानेवारी 2001 रोजी विकिपीडिया सुरू झाला. 2004 मध्ये टिम ओ’रायली यांच्या परिषदेमुळे ‘वेब 2.0’ हा शब्द रूढ झाला. ऑर्कुट आणि फेसबुकही त्याच वर्षीचे. 2005 मध्ये यूट्यूब, 2006 मध्ये ट्विटर. 2006 च्या अखेरीस ‘टाइम’ साप्ताहिकाने ‘वर्षातील व्यक्ती’ म्हणून कुणा नेत्याऐवजी ‘तुम्ही’ असे जाहीर केले, म्हणजे इंटरनेटवर भर घालणारा प्रत्येक माणूस.

त्याच वर्षी संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी एक सूत्र मांडले. अशा सहभागी जागांवर शंभरातले नव्वद जण फक्त पाहतात, नऊ जण अधूनमधून भर घालतात आणि एखादाच खरे काम ओढतो. सगळ्यांना दार उघडे असले म्हणजे सगळे आत येऊन कामाला लागतात, असे होत नाही. मराठीची गोष्ट सांगताना हे सूत्र लक्षात ठेवावे लागेल.

वारणेचा धडा

महाराष्ट्रातील खेड्यांशी संगणक जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग 1998 मध्ये वारणानगरला झाला. वारणा साखर कारखान्याच्या परिसरातील, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील 70 गावांत संगणक केंद्रे उभी राहिली. शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना असे सगळे गावात मिळेल, ही उमेद होती. प्रत्यक्षात ही केंद्रे मुख्यतः उसाची नोंद, वजन, खताची बाकी आणि बिलाची चौकशी यांपुरती वापरली जाऊ लागली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी तिथे पाहणी केली तेव्हा हे काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवरही भागते, असे दिसून आले आणि काही गावांत तशी व्यवस्था करून पाहण्यात आली.

वारणेचा प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. उसाचे वजन किती भरले हे कारखान्यावर हेलपाटा न घालता कळणे, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय होती. पण त्या व्यवस्थेत माहिती कारखान्याकडून शेतकऱ्याकडे येई. शेतकऱ्याला जे ठाऊक होते ते तिच्यात कुठेही शिरत नव्हते. गावात यंत्र पोचणे आणि गावाचा आवाज यंत्रात पोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नंतर आलेली सेतू केंद्रे, संग्राम केंद्रे, आपले सरकार केंद्रे यांनीही दाखल्यांची पायपीट कमी केली, मात्र प्रवाहाची दिशा तीच राहिली.

अक्षरांची अडचण

इंग्रजी लिहिणाऱ्याला 1999 मध्ये जे जमले ते मराठी माणसाला सहजपणे जमायला आणखी बरीच वर्षे गेली. याचे कारण आळस नव्हता, आर्थिक ऐपतीचा अभावही नव्हता. आपली अक्षरेच यंत्रात नीट बसलेली नव्हती.

संगणकावर मराठी होती, पण ती छपाईसाठी. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सीडॅकची प्रणाली असे अनेक फाँट होते आणि प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी होती. एका फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती गिचमीड दिसे. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर बातमी वाचायची तर आधी त्या वृत्तपत्राचा फाँट उतरवून घ्यावा लागे. दुसऱ्या वृत्तपत्रासाठी दुसरा. शोध घ्यायचा तर प्रश्नच मिटला, कारण यंत्राच्या लेखी ती अक्षरे मराठी नव्हतीच. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपी सेंटरात उत्तम मराठी उमटत असे आणि तीच मराठी ईमेलने पाठवता येत नसे.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. देवनागरीला युनिकोडच्या 1991 मधील पहिल्या आवृत्तीतच जागा मिळाली होती, आणि तिचा पाया भारतीय मानक ‘इस्की’ हाच होता. पण मानक कागदावर असणे वेगळे आणि घरच्या संगणकावर चालणे वेगळे. विंडोज एक्सपीवर देवनागरीची सोय मुद्दाम चालू करावी लागे, त्यासाठी मूळ सीडी शोधावी लागे. कळफलक कोणता वापरायचा, हा पुढचा पेच.

हा पेच मुख्यतः परदेशी असलेल्या आणि पुण्या-मुंबईतल्या मराठी तंत्रज्ञांनी स्वतःच्या हौसेने सोडवला. अमेरिकेतून 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळाने रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटवण्याची सोय स्वतः उभी केली. 2004 मध्ये ‘मनोगत’ आले, 2007 मध्ये ‘मिसळपाव’, 2011 मध्ये ‘ऐसी अक्षरे’. ‘बरहा’ आणि ‘गमभन’सारख्या साधनांनी टंकलेखन सोपे केले. तिथे पाककृतीपासून पानिपतापर्यंत वाद झडले, एकमेकांचे शुद्धलेखन सुधारले गेले, दिवाळी अंक निघाले. कधी न लिहिलेली माणसे लिहिती झाली. मराठी साहित्याच्या इतिहासात या जागांची नोंद व्हायला हवी. पण त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तिथे लिहिणारा वर्ग बहुतांशी संगणकावर नोकरी करणारा, शहरी किंवा परदेशस्थ होता. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावाबद्दल तिथे लेख निघे तो बहुधा ते गाव सोडून गेलेल्याचा.

मोबाईलवरही सुरुवातीला हीच रड होती. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीच्या जागी चौकोन दिसत किंवा जोडाक्षरे फुटून येत. 2012 च्या सुमारास ही अडचण दूर झाली. ऑगस्ट 2017 मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टंकलेखन करण्याची सोय दिली. माझ्या मते मराठीच्या दृष्टीने ती तारीख वेब 2.0 च्या कोणत्याही तारखेहून मोठी आहे. वेलांटी-उकाराच्या भीतीने जो कधी लिहिणार नव्हता, तो आता बोलून लिहू शकत होता.

केतकरांपासून विकिपीडियापर्यंत

लोकांच्या सहभागातून ज्ञान उभे करण्याची ओढ मराठीला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे 23 खंड 1920 ते 1929 या काळात सिद्ध केले. सरकारी तिजोरी किंवा विद्यापीठ पाठीशी नसताना, कंपनी काढून, भागधारक आणि वर्गणीदार जमवून त्यांनी हे काम तडीस नेले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोश उभा राहिला आणि त्याचा पहिला खंड 1976 मध्ये आला. हे दोन्ही कोश आज इंटरनेटवर खुले आहेत. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी शब्दकोशही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही चाळता येतो.

1 मे 2003 रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि तज्ज्ञांनी लिहायचे, इतरांनी वाचायचे ही विभागणी मोडली. तिथल्या बहुतेक लेखांवर ‘संपादन’ असे बटण असते. ते दाबून चूक दुरुस्त करावी, संदर्भ द्यावा, जतन करावे. बदल लगेच जगाला दिसतो. शेजारच्या ‘इतिहास’ या दुव्यावर कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला याची सगळी जंत्री असते आणि वाद असेल तर तो ‘चर्चा’ पानावर उघडपणे चालतो. चूक कुणीही करू शकतो, पण झाकून कुणालाच ठेवता येत नाही. विश्वासाची ही नवी रीत आहे.

आज मराठी विकिपीडियावर 90 हजारांहून अधिक लेख आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे 8 कोटी 30 लाख. त्या मानाने नियमित संपादन करणारे अगदी मोजके. खेड्यांवरच्या कित्येक लेखांत जनगणनेचे आकडे आणि क्षेत्रफळ यांपलीकडे काही नाही. गावची नदी, जत्रा, बारव, निजामी अमलाखालचे दिवस, हैदराबाद मुक्तिसंग्रामात कोण तुरुंगात गेले, धरणात कोणते शिवार बुडाले याबद्दल ओळही नसते. परतूर तालुका 1981 पर्यंत परभणी जिल्ह्यात होता आणि त्या वर्षी 1 मे रोजी नव्या जालना जिल्ह्यात आला. हे आजोबांना तोंडपाठ असते, नातवाला कुठे लिहिलेले सापडत नाही. निल्सन यांचे सूत्र इथे नुसते खरे ठरत नाही, आणखी कडक होते.

स्वस्त डेटा, आवाज आणि चित्र

5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि हिशेबच बदलला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे 2014 मध्ये एक जीबी डेटाला सरासरी 269 रुपये पडत. 2018 मध्ये तो दर 12 रुपयांच्या आत आला. संगणकाची पायरी ओलांडून, ईमेलची ओळखही न होता, ग्रामीण महाराष्ट्र थेट व्हॉट्सॲप आणि यूट्यूबवर आला. शहरी माणसाने वीस वर्षांत केलेला प्रवास गावाने दोन हंगामांत केला.

यातून जे उमलले ते पाहण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यातल्या केळेवाडीत नितीन पवार यांनी गावातल्याच माणसांना घेऊन ‘गावाकडच्या गोष्टी’ ही मालिका केली. नगर तालुक्यातल्या सारोळा कासार येथील सुमन धामणे नातवाच्या मदतीने चुलीवरचे पदार्थ दाखवू लागल्या आणि ‘आपली आजी’ म्हणून लाखोंना ठाऊक झाल्या. कॅमेरा, संकलन, प्रसारण ही कामे ज्या घरांत कधी कुणी केली नव्हती, तिथे ती मुले-नातवंडे शिकली. मराठीच्या ज्या बोली पुस्तकात तळटीपेपुरत्या उरल्या होत्या, त्या मूळ उच्चारांसह ऐकू येऊ लागल्या. मराठवाड्याची बोली पडद्यावर केवळ हशा मिळवण्यासाठी वापरली जाई, ती आता कपाशीवरची बोंडअळी समजावून सांगताना कानी पडते. भाषेच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे.

शिवारातले इंटरनेट

परतूर, मंठा, सेलू या पट्ट्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. इथे पाऊस कधी पडणार हा प्रश्न जगण्याशी बांधलेला आहे. शेजारच्या सेलू तालुक्यातील गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचे पावसाचे अंदाज व्हॉट्सॲप आणि यूट्यूबवरून राज्यभर पसरले ते याच कारणाने. हवामानशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांच्या पद्धतीवर प्रश्न उपस्थित केले, आणि अंदाजाला शास्त्रीय आधार हवा हा आग्रह रास्तच आहे. परंतु शेतकरी त्यांच्याकडे का वळला, याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवे. ते शेतकऱ्याच्या भाषेत, तारीख आणि भाग सांगून, पेरणी-काढणीशी जोडून बोलत होते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मराठवाड्यासाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. तो अभ्यासपूर्ण असतो, पण पत्रकाच्या भाषेत असतो. शास्त्राची बाजू बरोबर असूनही संवादात ती मागे पडली. यावर तोडगा एकच आहे: शास्त्रज्ञांनी लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या माध्यमात उतरणे.

समाजमाध्यमांनी शास्त्राला हात दिल्याचेही उदाहरण आहे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला आढळली आणि सप्टेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यात. महाराष्ट्रात तिची नोंद करणाऱ्यांत कीटकशास्त्रज्ञ अंकुश चोरमुले होते आणि ‘होय आम्ही शेतकरी’ या समाजमाध्यमांवरच्या शेतकरी गटाशीही ते जोडलेले आहेत. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, अशी ही अळी एका फोटोवरून ओळखता येते. पोंग्यातली अळी काढून, तळहातावर ठेवून, फोटो ग्रुपवर टाकायचा आणि ‘ही कोणती?’ असे विचारायचे. कृषी सहायक गावात येण्याआधी उत्तर येते. सहभागी इंटरनेटचा शेतीला झालेला खरा लाभ हा असा आहे.

अशा देवाणघेवाणीची जालना जिल्ह्याला जुनी सवय आहे. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने वाढलेल्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांची मासिक चर्चासत्रे चालत आली आहेत. कडवंची गावाने पाणलोटाच्या कामातून शेततळी आणि द्राक्षबागा उभ्या केल्या, त्यामागे समोरासमोर बसून बोलण्याची ही रीत होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला तिथून एक गोष्ट शिकता येईल: प्रत्येकाने स्वतःच्या शेतातले सांगावे, ऐकीव सांगू नये.

आता ई-पीक पाहणी. खातेदार बांधावर उभा राहून ॲप उघडतो. जिल्हा, तालुका, गाव निवडतो. गट क्रमांक टाकतो. पीक कोणते, क्षेत्र किती, पाणी कशाचे, पेरणी कधीची हे भरतो आणि उभ्या पिकाचा फोटो काढतो. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात, त्यामुळे घरी बसून दुसऱ्याच रानाचा फोटो चालत नाही. चूक झाली तर 48 तासांत दुरुस्तीची मुभा असते. महसूल खात्याने सगळ्याच नोंदी तपासत न बसता काही टक्के नोंदींची पडताळणी करायची, असे धोरण ठेवले गेले. म्हणजे शेतकऱ्याचे म्हणणे आधी खरे धरायचे आणि मग तपासायचे. आपल्या महसुली परंपरेत हा लहान बदल नव्हे.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. शिवारात रेंज नसते. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हर दाबाखाली येतो. वयस्कर खातेदाराकडे स्मार्टफोन नसतो. एका मोबाईलवरून 50 खातेदारांची नोंद करण्याची सोय दिली गेली, तेव्हा गावातल्या एखाद्या पोराने आळीभरच्या नोंदी करून द्यायच्या, असा प्रघात पडला. त्याने सोय झाली, पण ‘मीच लिहिणार’ हे तेवढ्यापुरते मागे पडले. आणि नोंदीचे महत्त्व मोठे आहे. 2023 च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, मदत जाहीर झाली तेव्हा सुरुवातीला ई-पीक पाहणीतली नोंद हाच आधार धरला गेला. ज्यांची नोंद राहिली होती त्यांची धावपळ उडाली. सहभाग हा हक्क म्हणून दिला आणि नंतर तो अट झाला, तर जो आधीच मागे आहे तो आणखी मागे पडतो. अशा प्रत्येक योजनेत मोबाईल नसलेल्यासाठी दुसरा दरवाजा उघडा असलाच पाहिजे.

सहभागाची किंमत

लोकांच्या हाती माध्यम आले की त्याचे बरे-वाईट दोन्ही लोकांच्याच पदरी येते. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला एका फेसबुक मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. एकीचा अपराध तर तो मजकूर ‘लाइक’ करण्याचा. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्याचा शेवट 24 मार्च 2015 रोजी झाला. सर्वोच्च न्यायालयाने अशा अटकांचा आधार असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ घटनाबाह्य ठरवले. सामान्य माणसाच्या लिहिण्याच्या हक्कासाठी महाराष्ट्रातल्या एका गावातून सुरू झालेला हा धागा आपण विसरता कामा नये.

दुसरी घटना अधिक विदारक आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे मंगळवेढा परिसरातली होती. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा आधीपासून मोबाईलवर फिरत होत्या. ज्या भटक्या समाजाला गावोगाव ओळखत होते, त्यालाच ओळखेनासे करण्याची ताकद एका फॉरवर्डमध्ये होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि 2020 मध्ये वारंवार फिरणाऱ्या संदेशांसाठी ती एकावर आणली.

कायद्यानेही हळूहळू जबाबदारीच्या रेषा आखल्या. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले की ग्रुपमधील सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही. निकाल योग्यच आहे. पण कायद्याने सुटलेला ॲडमिन नैतिक जबाबदारीतून सुटत नाही. ‘आलं तसं पुढं पाठवलं’ हे उत्तर राईनपाड्यानंतर कुणीही देऊ नये.

जागा कुणाची, ठेवा कुणाचा

सहभाग वाढला तशी मालकी एकवटली. आपण लिहितो, बोलतो, फोटो टाकतो त्या जागा काही थोड्या परदेशी कंपन्यांच्या आहेत. 2014 मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप 19 अब्ज डॉलरना घेतले, ते त्यावर बोलणाऱ्या आपल्यासारख्या माणसांमुळे. काय दिसावे आणि काय दडावे हे त्यांची गणिते ठरवतात, आणि ती गणिते भांडणाला संवादापेक्षा जास्त जागा देतात. शिवाय या जागा कायमच्या नसतात. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. याहू ग्रुप्स 2020 च्या डिसेंबरात मिटले. त्याच वर्षी 29 जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि ग्रामीण कलाकारांचे जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. बंदीची कारणे काहीही असोत, ज्यांची मेहनत गेली त्यांना विचारणारे कुणी नव्हते.

व्हॉट्सॲपचा प्रश्न आणखी निराळा आहे. गावाच्या ग्रुपवर रोज केवढे तरी ज्ञान येते: मोंढ्यातला भाव, जळालेल्या डीपीची खबर, कोणत्या वाणाला कोणता रोग आला, जुन्या वाड्याचा फोटो, एखाद्या म्हातारीने सांगितलेली ओवी. दोन दिवसांत ते शुभेच्छांच्या संदेशांखाली गाडले जाते. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, कारण मागचे उत्तर कुठे शोधायचे ते कुणालाच ठाऊक नसते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण भाषेसाठी आज जी यंत्रे तयार होत आहेत ती खुल्या, लिहून ठेवलेल्या मजकुरावर शिकतात. बंद ग्रुपांत उमटून विरणारी मराठी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. मग उद्याच्या यंत्राला पुण्याच्या पेठेतली मराठी येईल आणि आमच्या दुधना नदीकाठची येणार नाही.

आणि या सहभागात बायका कुठे आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 57 टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचे सांगितले, तर स्त्रियांमध्ये हे प्रमाण 33 टक्के होते. ग्रामीण स्त्रियांत 25 टक्क्यांच्या आत. निंदणी, वेचणी, बियाण्याची साठवण यांचे निम्म्याहून अधिक ज्ञान ज्यांच्याकडे आहे, त्याच या जागांवर सर्वांत कमी आहेत. घरातला फोन बाईच्या हाती तिच्या कामासाठी पडत नाही तोवर इंटरनेट सर्वांचे झाले असे म्हणता येणार नाही.

आता आपण

तीस वर्षांचा हिशेब मांडला तर जमेची बाजू मोठी आहे. लिपीचा अडसर गेला, डेटा स्वस्त झाला, बोलून लिहिता येऊ लागले, पीकपेरा स्वतः भरता येऊ लागला. उणे आहे ते टिकाऊ नोंदीचे, शहानिशेचे आणि समान प्रवेशाचे. यातले काहीच परदेशी कंपनीकडून येणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल, आणि ते करता येण्याजोगे आहे.

परतूरच्या महाविद्यालयाने आणि शाळांनी एक वर्ष ठरवून घ्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून, छापील संदर्भ जोडून, विकिपीडियावर भरावी. वाचनालयाने जुनी स्मरणिका, गावदप्तरातली प्रकाशित माहिती, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी स्कॅन करून खुल्या ठेवाव्यात. शेतकऱ्यांच्या ग्रुपमधल्या चांगल्या प्रश्नोत्तरांची दर हंगामाअखेर एक साधी यादी करून कृषी विज्ञान केंद्राकडे तपासायला द्यावी. ॲडमिनने ग्रुपमध्ये एकच नियम लावावा: कुठून आले ते लिहिल्याशिवाय काही टाकायचे नाही. आणि तुम्ही, हा लेख वाचणारे, आज एवढेच करा. आपल्या गावाचा मराठी विकिपीडियावरचा लेख उघडा, त्यात एक चूक शोधा किंवा एक खरी गोष्ट भरा आणि जतन करा. तेवढे केले की त्या लेखाचे लिहिणारे तुम्हीही झालात.